खाडीच्या मधोमध नवरा

या, अशा पुढे सरकून बसा. तिथे उंबऱ्याशी वारा लागतो आणि गोष्ट अर्धीमुर्धी ऐकू येते. चहा ठेवलाय, तो होईल तेव्हा होईल. आज तुम्हाला एका लग्नाची गोष्ट सांगते. नवरी होती, नवरा होता, वऱ्हाड तर टेकडीभर होतं, आणि तरी ते लग्न गावातल्या कुणाच्याच घरचं नव्हतं. खोटं वाटलं तर वाटू द्या. माझ्या वेणीतून अक्षता निघत होत्या त्या कितीतरी दिवस, एवढं मी देवाशपथ सांगते.

तर मी काचेच्या अलीकडे बसलेली, कानाला हेडफोन, आणि काचेच्या पलीकडे मथूताई आगाशे उभ्या. उभ्या, हे लक्षात घ्या. आमच्या स्टुडिओत माणसं बसून बोलायची, माइकही बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या बेताने लावलेला. मथूताईंनी खुर्चीकडे असं पाहिलं की जणू कुणी त्यांना पाळण्यात झोपायला सांगितलंय. म्हणाल्या, कीर्तनकार बसला की तो गप्पा मारतो, गप्पाच हव्या असतील तर घरी या. मग माझी धावपळ. टेबलावर स्टूल, स्टुलावर पालथी बादली, बादलीवर माइक. तो दोरीने बांधला तेव्हा कुठे तो त्यांच्या ओठांशी आला. मूर्ती तशी ठेंगणी, वय सत्तरीच्या पुढे, नऊवारी, खांद्यावर शाल, हातात झांज. झांज एकदा हलकेच वाजली आणि माझ्या समोरचा आवाजाचा काटा थेट लाल रेघेला जाऊन धडकला.

मथूताईंची ओळख आमच्या किनाऱ्यावर कुणाला करून द्यावी लागत नसे, तुम्हाला करून देते. वडील कीर्तनकार, त्यांच्या मागे त्या. माझी आई मला कडेवर घेऊन त्यांच्या कीर्तनाला जायची. मी पूर्वरंगात झोपायचे आणि आख्यानाला न चुकता जागी व्हायचे. देवावरचा माझा विश्वास पोथीतून आलेला नाही, या बाईंच्या झांजेतून आलेला आहे. आजही संकट आलं की मला देव आधी ऐकू येतो, दिसतो नंतर.

त्यांच्या समोर खुर्चीत प्राध्यापक नीलकंठ शेवडे. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. मनाने लोण्यासारखे, पण प्रश्न विचारायला लागले की प्रश्न संपायच्या आत पाहुण्याचा चहा गार व्हायचा. आम्ही दोघं मिळून 'विचारांगण' नावाचा कार्यक्रम करायचो. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, अर्धा तास. कधी चित्रांबद्दल, कधी कवितेबद्दल, कधी माणूस नवस का बोलतो याबद्दल. केंद्राचं नाव खाडीवाणी. आंबेखाडी गावच्या टेकडीवर दोन खोल्यांचं केंद्र, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना बंद पडलेल्या लॉजमधल्या गाद्या ठोकलेल्या.

आणि माझ्या खुर्चीच्या मागे, पाठीवर हात बांधून, दादासाहेब सुर्वे. हे केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष, बर्फाच्या कारखान्याचे मालक. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळं वेळेत लागायचं, कारण बर्फ कुणासाठी थांबत नाही. त्या दिवशी सकाळीच त्यांनी मला बोलावून सांगितलं होतं, आजचा विचारांगणचा शेवटचा भाग. पुढच्या आठवड्यापासून त्या वेळेला सिनेमाची गाणी.

कारण एकच, कुणी ऐकत नाही. मासळीचे भाव सांगताना जरा चूक झाली की फोनवर फोन. गाण्यांच्या फर्माइशीला फोन. पाककृतीत मीठ सांगायचं राहिलं तरी फोन. विचारांगणला मात्र आजवर एकच फोन आला होता आणि तो हरवलेल्या म्हशीबद्दल होता. मी पुष्कळ हुज्जत घातली. दादासाहेबांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले,

"मांजरेकर बाई, मी विचारांच्या विरुद्ध नाही. पण हे ऐकणारा एक माणूस मला दाखवा. एकच."

आता मी कुठून दाखवणार? नोकरी माझी जाणार नव्हती, गाणी वाजवायलाही कुणीतरी लागतंच. पण गावात देवळातला कीर्तनसप्ताह आक्रसत आक्रसत एका संध्याकाळवर आला होता आणि त्या संध्याकाळीही पुढे ऑर्केस्ट्रा ठेवायचं घाटत होतं. चार माणसांनी एखाद्या ओळीपाशी थांबून बोलावं अशी जागा म्हणून हा अर्धा तास उरला होता. तोही गेला की मग काय, या विचाराने मथूताईंना आणायला गेले तेव्हा रिक्षात माझा बांध फुटला. नाक पुसत पुसत सगळं सांगितलं. त्या लवंग चघळत ऐकत होत्या. सांत्वन वगैरे काही नाही. एवढंच विचारलं, आपल्या मागून काय लागतं? मी म्हटलं, मासळीचे भाव. "बरं," म्हणाल्या, आणि बाहेर बघत गुणगुणायला लागल्या. मला जरा रागच आला.

लाल दिवा लागला. शेवडे सरांनी विषय मांडला, कीर्तन ही कला, की साहित्य, की विचार? मग त्यातल्या प्रत्येकाची व्याख्या, त्या व्याख्येतली अडचण आणि त्या अडचणीवर पूर्वी कोण काय म्हणून गेलं ते. दादासाहेबांनी माझ्या मागे एक लांब श्वास सोडला. मथूताई मात्र मान डोलावत, कौतुकाने ऐकत होत्या. सर थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, प्रश्न फार देखणा आहे. मला उत्तर येत नाही, गोष्ट येते. ती सांगते."

आणि नमन सुरू झालं.

कीर्तनाचे दोन भाग असतात. आधी पूर्वरंग, त्यात एखादा विचार उलगडून सांगायचा. मग आख्यान, म्हणजे त्या विचाराची गोष्ट. अर्ध्या तासात दोन्ही बसवायचं तर पूर्वरंग चिमूटभरच हवा. हे मी त्यांना बजावून सांगितलं होतं. पण त्या दिवशी मथूताईंना घाईच नव्हती. वाट बघणं म्हणजे काय, हा विषय घेतला. होडीची वाट बघणारा पाण्याकडे बघतो, पावसाची वाट बघणारा वर बघतो, मग देवाची वाट बघणाऱ्याने बघावं कुठे? शेवडे सर पुढे झुकले. मी काचेतून बोटं दाखवतेय, मनगटावर टिचक्या मारतेय, आणि त्या माझ्याकडे बघून अशा हसतायत की जणू मी लांबून प्रसाद दाखवतेय. वर एक तान घेतली. ही मोठी तान. माझी नजर घड्याळावर, आणि तरी खरं सांगते, मान डोलायची थांबत नव्हती.

मग आख्यानाकडे वळल्या. त्यांच्या वडिलांनी रचलेलं, सगुणेच्या लग्नाचं. कित्येक वर्षांत त्यांनी ते केलं नव्हतं.

सगुणा ही तरीवाल्याची मुलगी. बापाचं आयुष्य वऱ्हाडं या तीरावरून त्या तीराला नेण्यात गेलं. परक्यांच्या पोरींची लग्नं वेळेवर लागावीत म्हणून तो भर भरतीत होडी घालायचा. आणि आता सगुणेचंच लग्न, तर बाप तापाने फणफणलेला. नवरा पलीकडच्या तीरावरचा. त्याने वऱ्हाडाला मागे ठेवलं, एकटाच लहान होडीत बसला आणि निघाला. वारा उठला. मथूताईंनी तो वारा झांजेवर असा उठवला की माझ्या अंगावर काटा. वल्हं हातातून निसटलं, वाहून गेलं. ओहोटी लागलेली, होडी समुद्राकडे ओढली जातेय. काठावर भटजी घटिकेकडे बघतायत, मुहूर्त सरत चाललाय, बायका कुजबुजायला लागल्यात. आणि सगुणा वरमाला दोन्ही हातांनी उंच धरून पाण्याच्या कडेला उभी आहे. पाऊल मागे घेत नाही, हात खाली करत नाही. शेवडे सर दर ओळीला हुंकार देत होते, आपण रेडिओवर आहोत हे ते केव्हाच विसरले होते.

"आणि मग सगुणेनं डोळे मिटले," मथूताई म्हणाल्या, "पोटाच्या तळापासून हाक मारली, आणि बघते तो काय, खाडीवर..."

"बांगडा," रेडिओ म्हणाला. "आवक भरपूर, भाव उतरलेला. सुरमई, आवक मध्यम. कोळंबी..."

संगणकाला वेळ लावलेली होती. मी खटक्याकडे हात नेला होता, नाही असं नाही, पण दादासाहेबांनी मागून सांगितलं होतं, "बाई, वेळ म्हणजे वेळ," आणि तेवढ्यात लाल दिवा विझलाही.

तुम्ही कीर्तनं ऐकली असतील तर तुम्हाला आता घाम फुटला असेल. नसतील तर सांगते. आख्यान मध्ये सोडत नाहीत. दिवे जाऊ देत, मांडव उडू दे. मथूताईंच्याच एका कीर्तनात सतरंजीखालून साप निघाला होता, तर त्यांनी त्याला नमस्कार करून आख्यान पुरं केलं होतं. त्यातून लग्नाचं आख्यान असेल तर विचारूच नका. नवरीला बोहल्याबाहेर उभी ठेवून कीर्तनकार जागेवरून हलत नाही, तसं करणं म्हणजे एका लेकीचं लग्न मोडून उठणं. म्हणून मी भीत भीत काचेपलीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बाई माझ्या गाद्या फाडणार.

मथूताई खुर्चीत बसल्या होत्या. सावकाश पाणी पीत होत्या.

उभे होते ते शेवडे सर. "पुढे?" ते विचारत होते. "ताई, पुढे?"

दादासाहेब म्हणाले, चला, शेवट चांगला झाला. मी म्हटलं, शेवट कुठे झालाय? आणि फोन वाजला. भाव चुकला असेल असं समजून तो दादासाहेबांनीच घेतला. पलीकडची बाई इतक्या मोठ्याने बोलत होती की मला बसल्या जागी ऐकू आलं.

"पोचला का नवरा?"

"कुणाचा?" दादासाहेब म्हणाले.

बाईने काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही, पण त्यांनी फोन कानापासून लांब धरला. ठेवला तर परत वाजला. एसटी स्टँडच्या कँटीनवाल्याचा. तो म्हणाला, गाडी लागलीय पण पॅसेंजर चढत नाहीत आणि ड्रायव्हर तर त्याहून चढत नाही, जरा सांगता का नवऱ्याचं काय झालं ते. मग जेटीवरून. मासळीचा लिलाव थांबला होता, कारण बोली पुकारणाराच कानाला मोबाइल लावून बसला होता, आणि रेडिओवर नवऱ्याऐवजी बांगडा आल्यावर त्याने मोठ्याने काहीतरी म्हटलं होतं जे मला इथे सांगता येणार नाही. मग कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी अत्यंत शुद्ध भाषेत विचारलं की सदर विवाह संपन्न झाला किंवा कसे. फोन ठेवावा तर वाजतोय, उचलावा तर ओरडतोय. मला हसू फुटायला लागलं. मी पदर तोंडात कोंबला आणि देवाला म्हटलं, आता मला हसवून मारू नकोस, मला हे बघायचंय.

त्यातच एक फोन असा आला की दादासाहेब उठून उभे राहिले. घरून वहिनींचा. वहिनी दर आठवड्याला ऐकायच्या, हे त्या घरात दादासाहेब सोडून सगळ्यांना माहीत होतं. संभाषण थोडक्यात झालं. ते एकदा म्हणाले, मला काय माहीत, एकदा म्हणाले, अगं कार्यक्रम संपला, आणि मग नुसतंच हं हं करत राहिले. फोन ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, "ती म्हणते, पोर काठावर उभी आहे तोवर घरात चूल पेटणार नाही."

दादासाहेब काचेपलीकडच्या खोलीत गेले आणि मथूताईंपुढे हात जोडून उभे राहिले. म्हणाले, शेवट तेवढा दोन वाक्यांत सांगा, मी फोनवर सगळ्यांना कळवतो. मथूताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "लग्न फोनवर लावायचं?" त्यांनी विचारलं. तेवढंच. शेवडे सरांनी मग आपली विनंती पुढे केली, मला कानात सांगा, मी कुणाला सांगणार नाही. तर त्यांना म्हणाल्या, "सर, बाहेर माणसं येतायत वाटतं. त्यांच्याआधी तुम्हाला कसं सांगू?"

मी खिडकीशी धावले. आणि काय सांगू तुम्हाला.

आमच्या टेकडीला एकच वळणावळणाचा रस्ता. तो खालपासून वरपर्यंत माणसांनी भरलेला. पुढे बायका, हातात वाट्या, वाट्यांत कुंकू लावलेले तांदूळ, कारण लग्नाच्या आख्यानाला अक्षता घेऊन जायचं असतं हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. त्यांच्या मागे देवळातला सनईवाला, अर्ध्या दाढीला साबण लागलेला. मग एसटीचा ड्रायव्हर, त्याच्या मागे कंडक्टर, त्याच्या मागे पिशव्या घेतलेले पॅसेंजर रांगेत. लिलाव पुकारणारा. मुख्याध्यापिका छत्री घेऊन. एकीच्या हातात मुंडावळ्या होत्या. कुणाला बांधायच्या असं विचारलं तर म्हणाली, ते वर गेल्यावर बघू, आधी नवरा तर काढा बाहेर.

आणि सगळ्यांच्या मागून, गर्दीच्या डोक्यांवर हेलकावत, एक लांबलचक वल्हं वर येत होतं. वल्ह्याखाली इब्राहिम नाखवा. खाडीत माणसांची ने-आण करणारी होडी त्याची. घामाने निथळत होता. अंगणात येऊन त्याने वल्हं खांद्यावरून उतरवलं आणि दम खात मला म्हणाला,

"बाय, त्याचं वाहून गेलं ना? हे घ्या. माझ्याकडे दुसरं आहे."

मी हसू की रडू. एका गोष्टीतल्या नवऱ्यासाठी या माणसाने सागाचं वल्हं टेकडीवर वाहून आणलं होतं. त्याला ठाऊक नव्हतं का, की ही गोष्ट आहे? पुरतं ठाऊक होतं. मग आणलं कशाला, असं मी त्याला पुढे कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

दादासाहेब पायरीवर आले. ते कधी नव्हे ते हळू आवाजात बोलले. म्हणाले, तुम्ही सगळे हा कार्यक्रम ऐकता? माना हलल्या. दर आठवड्याला? परत माना. नाखवा म्हणाला, शेवडे सर सुरुवातीला फार फिरवतात, पण मग येतात काठाला. सर लाजले आणि खूशही झाले.

"मग एवढ्या दिवसांत एक फोन का नाही केलात कुणी?" दादासाहेबांनी विचारलं.

लोक एकमेकांकडे बघायला लागले, जणू त्यांनी विचारलं होतं की तुम्ही देवळात पाय पसरून का बसत नाही. शेवटी नाखवाच बोलला.

"शेट, आमच्यात वाज असतो, मौलवी बोलतात, तेव्हा मध्ये कोण तोंड घालतं? यांच्यात कीर्तन असतं, तेव्हा कोण घालतं? चांगलं चाललं होतं, म्हणून गप्प होतो."

माणसं ऐकत नाहीत म्हणून गप्प आहेत असं दादासाहेब समजले होते, आणि माणसं ऐकत होती म्हणूनच गप्प होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडे वळले.

"बाई, माइक बाहेर घ्या."

पुढचं मला नीट क्रमाने आठवत नाही, सगळी एकच गडबड. भावांच्या मागून लागलेली गाणी बंद केली. दादासाहेब स्वतः वायरीचं भेंडोळं गळ्यात घालून धावतायत. कीर्तनकाराच्या पायाखाली नारदाची गादी हवी, तर ड्रायव्हर आणि कंडक्टरने स्टुडिओच्या भिंतीवरून एक गादी खिळ्यांसकट उपटून आणली. सनईवाल्याने दाढी पुसली. मथूताई पायऱ्यांवर येऊन गादीवर उभ्या राहिल्या. सगळं अंगण वाकलं, नाखवाही वाकला, दादासाहेबांना तर वायरीमुळे वाकणं भागच होतं. मी यंत्र दाराबाहेर ओढलं, हेडफोन चढवला आणि खटका वर केला.

त्यांनी गोष्टीची उजळणी केली नाही. जिथे तुटली होती तिथूनच धरली. सगुणेनं हाक मारली आणि बघते तो काय.

मग थांबल्या. अंगणभर नजर फिरवली.

"देव येतोय," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला वाटतो तसा नाही. मुकुट नाही, शंख नाही. घामाघूम झालेला, दम लागलेला. आणि खांद्यावर," इथे झांज एकदाच वाजली, "खांद्यावर वल्हं."

सगळ्यांच्या माना नाखवाकडे वळल्या. तो मागे सरायला लागला तर बायकांनी त्याला पुढे ढकललं. बिचारा वल्हं घट्ट धरून उभा, कान लाल. मथूताई गात होत्या, तो वल्हं मारतोय, होडी वळतेय, ओहोटी मागे खेचतेय आणि तो हसतोय, आणि साऱ्या अंगणाने ताल धरला. नाखवाचं वल्हं आपसूक त्या तालावर हलायला लागलं. होडी काठाला लागली तेव्हा लिलाव पुकारणाऱ्याने असा आवाज काढला की हेडफोनमध्ये माझा कान बसला. शेवडे सरांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि एक टोक आपण, दुसरं मुख्याध्यापिकांच्या हातात देऊन अंतरपाट धरला. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना कुणीच नव्हतं, आणि शपथेवर सांगते, तिथे दोघं उभी होती. मंगलाष्टकं झाली. सावधान म्हटलं गेलं. आणि तांदळांचा असा पाऊस पडला की माइकमधून तो धो धो ऐकू गेला. गावात घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी म्हणे रेडिओवरच अक्षता टाकल्या. वहिनी मागून केव्हा आल्या कळलं नाही, पण त्यांनी आपली सगळी वाटी दादासाहेबांच्या डोक्यावर रिती केली. पुढे कितीतरी दिवस आमच्या यंत्राचे खटके वर-खाली करताना आतून कुरकुर आवाज यायचा. मुंडावळ्या शेवटी वल्ह्याला बांधल्या.

विचारांगणचं काय झालं हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. दादासाहेब जाता जाता एवढंच म्हणाले, पुढच्या आठवड्यात कुणाला बोलावताय?

अंधार पडायच्या आत मी मथूताईंना रिक्षाने सोडायला निघाले. मला इतका आनंद झाला होता की मी एकसारखी बडबडत होते. मग एकदम मला ती मोठी तान आठवली.

"ताई," मी म्हटलं, "तुम्ही मुद्दाम थांबलात तिथे."

"तुमच्या त्या संगणकाने थांबवलं."

"तुम्हाला वेळेचा अंदाज नाही, असं मी कुणाला सांगितलं तर लोक मला हसतील."

त्यांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. मग म्हणाल्या, "अगो शैले, ऐकणारं माणूस कसं दाखवणार होतीस तू? ते दिसत नाही. त्याचं ऐकणं मध्येच तोडलं तरच ते धावत येतं." आणि मिश्कील हसल्या. मला राहवेना. विचारलं, वडिलांच्या आख्यानात देव वल्हं घेऊनच यायचा का? तर म्हणाल्या, छे, गरुडावरून यायचा, बाबांचा मोठा थाट असायचा त्या जागेला. पण मला लहानपणापासून वाटायचं, वल्हं हरवलंय तर वल्हं आणावं ना देवाने, गरुड कशाला? आम्ही दोघी इतक्या हसलो की रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेतली.

घर आलं. मी त्यांना हात धरून उतरवलं. उतरल्या, आणि हात सोडलाच नाही. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"पण मी तिला उभी ठेवली गो," त्या म्हणाल्या. "बाबांनी कधीच ठेवली नाही. मी जन्मात कुणाला ठेवली नव्हती."

मी म्हटलं, अहो ताई, एवढं थाटात लग्न झालं तिचं, गाव लोटलं.

"झालं ना. पण मधल्या वेळात हात दुखले असतील तिचे."

मी वाकून नमस्कार केला. तेव्हा डोक्यावर हात ठेवून त्यांनी सांगितलं, ही गोष्ट कुणाला सांगशील तर सांग त्यांना, कुठे लग्नाला गेलात की अक्षतांतला एक दाणा सगुणेच्या नावानेही टाका. तेवढाच माझा भार उतरेल.

मथूताई आता नाहीत. विचारांगण आहे. त्याच वारी, त्याच वेळेला. फोन येत नाहीत. चुकून एखाद्या आठवड्यात वाजलाच, तर दादासाहेब काठी टेकत येतात आणि काळजीने विचारतात, काय बाई, काही बिघडलं का कार्यक्रमात?

चहा झाला वाटतं. घ्या. आणि माझं एक काम करा. पुढे कधी लग्नाला जाल, सगळे सावधान म्हणतील, हात वर जातील, तेव्हा मुठीतला एक दाणा सगुणेचा. तो तर टाकालच. पण त्याच्या मागोमाग आणखी एक टाका, आणि मनातल्या मनात नाव घ्या मथू आगाशे.